'कला केंद्र' : एका शब्दाची आणि एका वास्तूची समीक्षा

१

सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, बालाघाटच्या डोंगररांगेत, येरमाळा हे गाव लागते. बार्शीहून कळंबकडे जाणारा रस्ता येथेच महामार्गास छेदतो. गावाची कीर्ती येडेश्वरी देवीमुळे आहे. चैत्री आणि श्रावणी पौर्णिमेस येथे मोठ्या यात्रा भरतात, आणि धाराशिव, बीड, लातूर, सोलापूर या जिल्ह्यांतील असंख्य कुळांचे हे दैवत आहे. परंतु गेल्या काही दशकांत या परिसरास दुसरीही एक ओळख लाभली असून सुशिक्षित मनुष्य तिचा उच्चार सहसा दबल्या स्वरात करतो. येरमाळ्याजवळ चोराखळीच्या शिवारात महामार्गालगत काही वास्तू उभ्या राहिल्या. त्यांच्या दर्शनी भागी 'सांस्कृतिक कला केंद्र' या शब्दांच्या पाट्या लागल्या. येथे संगीतबारीच्या पार्ट्या राहतात, आणि लावणीचे कार्यक्रम होतात.

पदव्युत्तर वर्गात अर्थापकर्षाची उदाहरणे विचारली असता एका विद्यार्थ्याने 'कला केंद्र' हा शब्द सुचविला, आणि वर्गात हशा पिकला. तो हशा हाच प्रस्तुत लेखाचा आरंभबिंदू होय. 'कला' हा शब्द आदरणीय. 'केंद्र' हा शब्द शासकीय आणि निरुपद्रवी. मग दोहोंच्या जोडणीतून हसू उत्पन्न व्हावे असे काय घडले? उत्तर केवळ शब्दात सापडणार नाही. शब्द ज्या वास्तूवर लावला गेला त्या वास्तूची घडण, तीत चालणारा कलाव्यवहार आणि तिला परवाना देणारा कायदा या तिन्हींचा विचार केल्याखेरीज या अर्थापकर्षाची मीमांसा पुरी होत नाही.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे : लावणी ज्या जागेत सादर होते ती जागा लावणीच्या अर्थाचाच एक भाग असते. आपल्या समीक्षेने लावणीची रचना पाहिली, शाहीर पाहिला, अलीकडे कलावंतीणही पाहिली. परंतु जागा पाहिली नाही. त्यामुळे कला केंद्रांचा निवाडा करण्याचे काम सर्वस्वी पोलीस ठाणे आणि वृत्तपत्र यांच्याकडे गेले, आणि कलेच्या अभ्यासकांपाशी त्या वादात बोलण्यासारखे काहीच उरले नाही.

२

प्रथम शब्दांचा क्रम पाहू. तमाशाच्या व्यवहारात जमावाला आणि जागेला उद्देशून जे शब्द रूढ झाले, त्यांत 'फड' हा सर्वांत व्यापक होय. हाच शब्द मराठीत उसाच्या तोडणीला आलेल्या शेतास लागतो, कुस्तीच्या मैदानास लागतो, आणि पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या वारकऱ्यांच्या संघटनेसही लागतो. वारकऱ्यांचा फड आणि तमाशाचा फड यांत आचारविचारांचे अंतर मोठे असले, तरी शब्दाचा गाभा एकच आहे : एका कामासाठी एकत्र आलेली माणसे. फड म्हटला की भिंती डोळ्यांसमोर येत नाहीत. तो जेथे लागतो तेथे असतो, आणि मोडला की नाहीसा होतो.

'बारी' हा शब्द काळाचा आहे. बारी म्हणजे पाळी. ढोलकीबारी आणि संगीतबारी हे तमाशाचे दोन भेद सांगितले जातात. ढोलकीबारीत गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग अशी रात्रभर चालणारी मांडणी असते. संगीतबारीत वग नसतो, लावणी हेच सर्वस्व असते, आणि एका जागी मुक्काम असलेल्या अनेक पार्ट्या पाळीपाळीने रंगमंचावर येतात. 'पार्टी' हा इंग्रजी शब्द येथे पूर्णपणे मराठी झाला असून तो एका मालकिणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संचास लागतो. 'मालकीण' या शब्दाचाही येथे निराळा विचार करावा लागतो. सर्वसामान्य मराठीत मालकीण ही पुष्कळदा मालकाची बायको असते. संगीतबारीत ती स्वतःच्या हक्काने संचाची प्रमुख असते, आणि बहुधा एके काळी स्वतः पायांत चाळ बांधून उभी राहिलेली असते.

तिसरा शब्द 'थिएटर'. तो शहरातून आला. पुण्याचे आर्यभूषण थिएटर, मुंबईत गिरणगावातील लालबागचे हनुमान थिएटर ही नावे तमाशाच्या इतिहासात सुपरिचित आहेत. येथे प्रथमच तमाशास भिंती, छप्पर आणि कायमचा पत्ता मिळाला. मुंबईच्या थिएटरांचा आधार घाटावरून आणि कोकणातून आलेला गिरणी कामगार होता. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाची घडी विसकटली, तशी त्या थिएटरांची पायाभूमीच खचली. खेड्यापाड्यांतील रस्त्यांवर मात्र थिएटर हा शब्द टिकून राहिला, आणि संगीतबारीच्या वस्तीस आजही बोलीत पुष्कळदा थिएटर असेच म्हणतात.

चौथा शब्द 'कला केंद्र'. तो बोलीतून वर आलेला नसून अर्जाच्या आणि परवान्याच्या भाषेतून खाली उतरलेला आहे. 'सांस्कृतिक' हे विशेषण त्यास जोडले की त्याची शासकीय घडण अधिकच स्पष्ट होते. अशा प्रकारे फड या शब्दाने माणसे सांगितली, बारी या शब्दाने पाळी सांगितली, थिएटर या शब्दाने वास्तू सांगितली. कला केंद्र हा शब्द मात्र यांपैकी काहीच सांगत नाही. तो केवळ मान्यता मागतो. मान्यता मागणारा शब्द आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर पडले की ऐकणाऱ्यास त्यात लपवालपवीचा वास येऊ लागतो, आणि अर्थापकर्षास आरंभ होतो. वर्गातील हशाचे भाषिक कारण हे आहे.

३

आता वास्तूकडे वळू. चौफुला, मोडनिंब, जामखेड आणि आपल्याकडील चोराखळी ही संगीतबारीची ठिकाणे नकाशावर पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. ती सर्व रहदारीच्या मार्गांवर आहेत. चौफुला या नावाचा अर्थच चार रस्ते मिळतात ते ठिकाण असा. खेड्याच्या रचनेत पार, चावडी, देवळाचा सभामंडप या जागा गावाच्या मध्याशी असतात. कला केंद्र गावाच्या शिवेवर असते. त्याचा प्रेक्षक गावचा नसतो. तो वाहनाने येतो, परगावाहून येतो, आणि तेथे आपल्याला कोणी ओळखणार नाही हीच त्याची सोय असते. 'केंद्र' या शब्दाचा भूमितीतील अर्थ घेतला, तर ज्याचा परीघ दाखविता येत नाही असे हे केंद्र होय.

अशा वास्तूत सामान्यतः दोन प्रकारचे व्यवहार चालतात. एक समोरचा : तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांपुढे पार्ट्या आपापल्या पाळीने लावण्या सादर करतात. दुसरा खोलीतला : काही मोजक्या श्रोत्यांसाठी एखाद्या पार्टीची स्वतंत्र बैठक लावली जाते, आणि तिचे मोल वेळेप्रमाणे ठरते. या दोन जागांनी लावणीची दोन भिन्न रूपे घडविली. रंगमंचावर अंतर असते, म्हणून पदन्यास, ढोलकीचा कडकडाट आणि समूहाची हालचाल यांस महत्त्व येते. बैठकीत कलावंत आणि श्रोता यांच्यामध्ये जेमतेम हातभर अंतर असते. तेथे कलावंत बसून अदा करते, एकाच ओळीचे पाच-सहा अर्थ डोळ्यांनी, भुवईने, बोटांच्या हालचालीने दाखविते. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांची ख्याती मुख्यतः या बैठकीच्या लावणीसाठी होती, आणि २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती या जवळच्या अंतरावर फुललेल्या कलेसच मिळाली असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. ज्या खोलीविषयी समाज संशय बाळगतो, त्याच खोलीने लावणीचा सर्वांत सूक्ष्म अभिनय जतन केला, ही वस्तुस्थिती कोणत्याही निवाड्यात विसरता येणार नाही.

परंतु त्याच खोलीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दौलतजादा ही प्रथा घ्या. 'दौलत ज्यादा होवो' अशा आशीर्वादातून आलेल्या या शब्दाचा व्यवहार असा, की श्रोता पैसे देतो आणि आवडती लावणी मागतो. रंगमंचावर हे सर्वांसमक्ष घडते. देणाऱ्याचे नाव पुकारले जाते, आणि त्या पुकाऱ्याने त्याच्यावरही एक सामाजिक अंकुश राहतो. खोलीत साक्षीदार नसतात. मागणारा एक, गाणारी एक, आणि मागणी लावणीपुरतीच राहील याची हमी देणारे कोणी नाही. श्रोत्याच्या मागणीने गाणे ठरत असल्यामुळे पारंपरिक बैठकीची लावणी मागे पडून चित्रपटगीते पुढे आली. आणि मागणीच्याच न्यायाने गाण्याच्या पलीकडचा व्यवहारही खोलीत शिरू शकतो. हे दोन बदल एकाच मुळाचे आहेत, असे माझे मत आहे. जाणत्या श्रोत्यांची संख्या घटली की खोलीतील जवळीक कलेच्या कामाची राहत नाही. ती नुसती जवळीक उरते.

आणखी एक गोष्ट. थिएटर किंवा कला केंद्र हे कलावंतांचे कामाचे ठिकाण आहे, तसेच राहण्याचेही आहे. तेथेच चूल पेटते, तेथेच मुले वाढतात, तेथेच म्हाताऱ्या मालकिणी दिवस काढतात. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' हे आत्मचरित्र १९९४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा तमाशाच्या रंगमंचामागील हे घर, आणि त्या घरात वाढणाऱ्या मुलाच्या वाट्यास येणारी परवड, मराठी वाचकास प्रथमच आतून दिसली. नाट्यगृहाची समीक्षा करताना आपण नटांच्या बिऱ्हाडाचा विचार करीत नाही, कारण ते बिऱ्हाड अन्यत्र असते. येथे मात्र कला केंद्रास कुलूप लावणे म्हणजे एका वस्तीस बेघर करणे असते. हे ज्यास दिसत नाही त्याने सुधारणेच्या गोष्टी बोलू नयेत.

४

जागेचे हे महत्त्व समीक्षकांच्या ध्यानात आले नसले, तरी कायद्याच्या ध्यानात फार पूर्वी आले होते. स्वातंत्र्याच्या आरंभीच्या काळात खेर मंत्रिमंडळाने मुंबई प्रांतात तमाशावर बंदी घातली आणि पुढे ती अटींसह उठली, हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्या वेळी येरमाळा निजामाच्या राज्यात होते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. शेजारचे बार्शी मात्र पूर्वीपासून मुंबई इलाख्यात होते. सीमेच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा, ही स्थिती या भागाने पुष्कळ वर्षे अनुभवली आहे.

१९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाने देण्याचा अधिकार प्रस्थापित केला, आणि त्याखाली १९६० साली झालेल्या नियमांत मेळे आणि तमाशे यांचा स्पष्ट नामनिर्देश आहे. या नियमांची दृष्टी 'जागा' आणि 'प्रयोग' या दोहोंवर आहे. पुढे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली. सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यशासनास आहे. या एका नियमाचा परिणाम ढोलकी फडाच्या रचनेवर किती खोल झाला, याचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासकांनी केला पाहिजे. गण-गौळणीपासून वगापर्यंत जाणारी मांडणी रात्रभराच्या काळासाठी बांधलेली होती. काळ आखडला की शेवटचे अंग प्रथम कापले जाते, आणि शेवटी असतो तो वग, म्हणजे तमाशातील नाट्य. जे संगीतबारीत मुळातच नव्हते ते आता फडातही दुर्मिळ होऊ लागले, आणि दोन्ही प्रकार नाचगाण्याच्या एकाच पातळीवर येऊ लागले. भिंती असलेल्या, तिकिटावर चालणाऱ्या आणि बारमाही उघड्या असलेल्या वास्तूला याचा लाभ झाला असल्यास नवल नाही.

२००५ साली राज्याने बारमधील नृत्यावर बंदी घातली, तेव्हा जागेचा प्रश्न ऐरणीवर आला. त्या दुरुस्तीने साध्या उपाहारगृहांतील आणि बारमधील नृत्य निषिद्ध ठरविले; परंतु नाट्यगृहे, प्रेक्षागृहे, सभासदांपुरते खुले असलेले क्लब आणि तारांकित हॉटेले यांस वगळले. नृत्य एकच, पण एका छपराखाली गुन्हा आणि दुसऱ्या छपराखाली संस्कृती, असा त्याचा अर्थ झाला. २००६ साली उच्च न्यायालयाने आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरविली, ती ठरविताना या भेदभावाचाच मुख्यत्वे विचार झाला. २०१६ साली राज्याने नवा अधिनियम केला, आणि त्यातील अनेक अटी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा शिथिल केल्या. या सर्व वादात महाराष्ट्रातील साहित्य-नाट्यसमीक्षेचा आवाज जवळजवळ ऐकू आला नाही.

तो का ऐकू आला नाही, याचे उत्तर आपल्या अभ्यासपरंपरेत आहे. म. वा. धोंड यांच्या 'मराठी लावणी' (१९५६) या ग्रंथाने लावणीस वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. ते ऋण मोठे आहे. परंतु त्या प्रतिष्ठेची किंमत अशी, की लावणी हस्तलिखितातील रचना म्हणून वाचली गेली आणि तिच्या प्रयोगाकडे दुर्लक्ष झाले. शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लावणी कलावंतिणींवरील आपल्या निबंधात जात, लैंगिकता आणि सत्ता यांचा संबंध पुढे आणला. शैलजा पाईक यांच्या २०२२ सालच्या ग्रंथाने तमाशा आणि दलित स्त्री यांचा इतिहास सांगितला. भूषण कोरगांवकर यांचे 'संगीत बारी' (२०१४) हे पुस्तक थिएटरांत प्रत्यक्ष जाऊन, तेथील स्त्रियांशी बोलून लिहिलेले आहे, म्हणून ते विशेष महत्त्वाचे. या अभ्यासांनी आपली दृष्टी पालटली हे मान्य केलेच पाहिजे. तथापि प्रेक्षक कोठे बसतो, दार कोणत्या बाजूस उघडते, पैसे कोणाच्या हातातून जातात, कार्यक्रम केव्हा संपतो आणि तो कोण संपवितो, या गोष्टींचा कलास्वरूपाशी असलेला संबंध शास्त्रीय रीतीने मांडण्याचे काम अद्याप मराठी विभागांनी हाती घेतलेले नाही.

जागेने अर्थ कसा पालटतो, याचे एक सौम्य उदाहरण पुण्यातच आहे. १९६८ साली उघडलेल्या बालगंधर्व रंगमंदिरात पुढील काळात लावणीचे कार्यक्रम लोकप्रिय झाले, आणि केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रयोगही होऊ लागले. थिएटरच्या दाराशी ज्या मध्यमवर्गीय गृहिणी कधी गेल्या नसत्या, त्याच येथे शिट्ट्या वाजवून दाद देऊ लागल्या. लावणी तीच, कलावंतिणीही पुष्कळदा संगीतबारीतूनच आलेल्या. निराळे होते ते महानगरपालिकेचे छप्पर, क्रमांक घातलेल्या खुर्च्या आणि प्रयोग संपताच घरी परतणारा प्रेक्षकवर्ग.

५

येरमाळ्यात याहून निराळी अशी एक मेळाव्याची जागा आहे, आणि तुलनेसाठी तिचा विचार करणे उपयुक्त ठरेल. चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येडेश्वरीची पालखी डोंगरावरील मंदिरातून निघते, वाटेत भाविक रानातील चुनखडीचे खडे वेचतात, आणि पालखी गावाजवळच्या आमराईत मुक्कामास येते. त्या मुक्कामाच्या दिवसांत आमराई हेच गावाचे मध्यस्थान होते. आराध्यांचे मेळे संबळ-झांजेच्या साथीने देवीची गाणी म्हणतात. त्यांत स्त्रिया असतात, पुरुष असतात, वृद्ध असतात, आणि तिकीट कोणासच नसते. गाणारा आणि ऐकणारा यांची अदलाबदल सहज होते. येथे भिंत नाही, परवान्याची पाटी नाही, आणि तरीही जागेस मर्यादा आहे. ती मर्यादा पंचांगाने, रूढीने आणि एकमेकांच्या ओळखीने घातलेली आहे.

आमराईचे उदात्तीकरण करण्याचा हेतू नाही. यात्रेतही मानपान असतात, मानाच्या क्रमात जातीची उतरंड दिसते, आणि यात्रेच्या निमित्ताने तमाशाच्या कनातीही लागतच आल्या आहेत. नारायणगावच्या राहुट्यांमध्ये गावोगावचे पुढारी यात्रेसाठी फडांना सुपाऱ्या देण्यास जातात, तो व्यवहार याच जत्रांच्या बळावर उभा आहे. मुद्दा एवढाच, की यात्रेतील फडास गाव बोलावते, पैसा वर्गणीतून उभा राहतो, आणि काही वावगे घडल्यास जाब विचारता येईल अशी माणसे तेथे नावानिशी असतात. कला केंद्रास कोणी बोलावलेले नसते. म्हणून त्याच्या रक्षणासही कोणी येत नाही.

या प्रश्नास दूरदेशीचा एक दाखला जोडतो, कारण 'केंद्र' या शब्दाचे भवितव्य त्यातून अधिक स्पष्ट होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांभोवती उपनगरांचा विस्तार झाला. घरे झाली, रस्ते झाले, परंतु माणसांनी एकत्र कोठे यावे हा प्रश्न उरला. व्हिक्टर ग्रूएन या वास्तुशिल्पज्ञाने मिनियापोलिसजवळच्या ईडायना या उपनगरात १९५६ साली साउथडेल हे बंदिस्त बाजारसंकुल बांधले, तेव्हा त्याच्या मनात ग्रामचौकाची कल्पना होती. मधल्या अंगणात लोक भेटतील, संगीत होईल, प्रदर्शने भरतील अशी त्याची अपेक्षा होती. पुढे अशा संकुलांतून व्यापार तेवढा फोफावला, आणि उत्तरायुष्यात ग्रूएनने या संतानाचे पितृत्व नाकारले. त्या उपनगरांत कलाकेंद्रे आणि नाट्यगृहे उभी राहिली व टिकली ती मुख्यतः स्थानिकांच्या वर्गण्या, देणग्या, नगरपालिकांचे साहाय्य आणि स्वयंसेवकांची विश्वस्त मंडळे यांच्या आधारावर.

त्याच उपनगरांत आपली माणसेही राहतात. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ चे; उत्तर अमेरिकेतील मंडळांची मध्यवर्ती संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. या मंडळांनी गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, दिवाळीचे कार्यक्रम यांसाठी बहुधा शाळांची सभागृहे भाड्याने घेतली. वास्तू परक्याची, रंगमंच एका संध्याकाळपुरता, परंतु सभासदांची यादी आपली, कार्यकारिणी आपली आणि नापसंती दर्शविण्याचा अधिकारही आपला. म्हणजे त्यांच्याकडे समाज आहे आणि घर भाड्याचे आहे. चोराखळीच्या शिवारातील कला केंद्रांकडे घर आहे आणि प्रेक्षक भाड्याचा आहे. समाज हा दोहोंतील भेदक घटक होय. 'कला' हा शब्द पाटीवर लिहिल्याने तो निर्माण होत नाही.

६

आक्षेप असा घेतला जाईल, की हा सर्व ऊहापोह शब्दच्छल असून कला केंद्रे ही अनाचाराची ठिकाणे आहेत, ती बंद करणे एवढाच उपाय आहे. याच्या उलट दुसरा पक्ष म्हणेल, की ही लोककलेची मंदिरे आहेत आणि त्यांच्यावरील प्रत्येक निर्बंध हा बहुजनांच्या कलेवरील आघात आहे. दोन्ही पक्ष वास्तू एकसंध मानतात, ही दोघांची समान चूक आहे. पहिल्यास रंगमंच दिसत नाही, दुसऱ्यास खोली दिसत नाही. आणि चूल तर दोघांसही दिसत नाही.

समीक्षेने येथे तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. पहिला : छप्पर कोणाचे? पार्टीची मालकीण त्या वास्तूत भाडेकरू आहे, भागीदार आहे, की कर्जाने बांधलेली आहे? दुसरा : वेळ कोणाची? कार्यक्रमाचा आरंभ आणि शेवट कलेच्या गरजेने ठरतो, परवान्याने ठरतो, की गिऱ्हाइकाने? तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा : नकार कोणाचा? मागितलेली लावणी न म्हणण्याचा, बैठक न लावण्याचा, मुलीस या धंद्यात न आणण्याचा अधिकार त्या स्त्रीस आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे एका केंद्रात एक आणि दुसऱ्यात दुसरी येतील. ज्या जागी नकार शक्य आहे तेथे लावणी ही कला म्हणून जगू शकते. जेथे नकार शक्य नाही तेथे उत्तमातली उत्तम अदासुद्धा वेठच ठरते. कोणत्याही सरसकट बंदीने किंवा सरसकट गौरवाने हा भेद पुसला जाईल, आणि त्याचा तोटा होईल तो त्या स्त्रियांनाच.

आपल्या विभागापुढील कार्य यातून आपोआप स्पष्ट होते. संगीतबारीचा शब्दसंग्रह अद्याप कोशात नीट आलेला नाही. वाद्यांची, पावलांची, अदांची, देण्याघेण्याची आणि खोलीतील शिष्टाचाराची जी परिभाषा मालकिणींच्या तोंडी आहे, ती पुढील पिढीत राहीलच असे नाही, कारण पुढील पिढीने या व्यवसायात येऊ नये असे त्यांपैकी अनेकींनाच वाटते, आणि ते वाटणे न्याय्य आहे. परिभाषेचे संकलन, बैठकीच्या लावणीचे ध्वनिमुद्रण आणि वास्तूंचे आराखडे, ही तीन कामे धाराशिव, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतील महाविद्यालयांस वाटून घेता येतील. अट एकच असावी : ज्यांची विद्या आपण टिपणार त्यांस तिचे मोल द्यावे, आणि त्यांच्या संमतीवाचून एकही ओळ प्रसिद्ध करू नये. नकाराचा अधिकार त्यांना मिळावा असे म्हणणाऱ्या संशोधकाने तो प्रथम स्वतःपुरता मान्य केला पाहिजे.

वर्गात त्या दिवशी पिकलेला हशा मी थांबविला नाही. पुढील तासास मात्र त्याच विद्यार्थ्यांना 'फड' या शब्दाचे सर्व अर्थ लिहून आणण्यास सांगितले. उसाचा फड सर्वांनी लिहिला, कुस्तीचा बहुतेकांनी, वारकऱ्यांचा काहींनी. तमाशाचा फड लिहिताना एकालाही संकोच वाटला नाही. ज्या शब्दामागे माणसे उभी असतात तो शब्द पुष्कळ आघात सोसून टिकतो. 'कला केंद्र' या शब्दामागे अशी माणसे उभी करता येतील काय, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा असला, तरी तो विचारल्यावाचून भाषाशास्त्रास या शब्दाचा अर्थ सांगता येणार नाही.